स्वेच्छेने सोडलेली जागा

३ ऑक्टोबर

मुंगे,

आशीर्वाद लिहायचा हक्क मला उरलाय की नाही, माहीत नाही. म्हणून सरळ कामाचं लिहितो.

विमान कंपनीचं पत्र आलंय. आपल्या कुटुंबाच्या खात्यात माझ्या विमानप्रवासांवर साठलेले एक लाख ब्याऐंशी हजार माइल्स आहेत आणि तीन वर्षांत खात्यात काहीच हालचाल नसल्यामुळे येत्या ३१ जानेवारीला ते सगळे रद्द होतील. तुझी आई गेल्यापासून मी विमानात पाय ठेवलेला नाही. आमच्या काट्यांच्या कंपनीने मला मुदतीआधीच निवृत्ती दिली, किंवा मी घेतली, काहीही म्हण. आता गावातल्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करतो. पायी जातो, पायी येतो. पायी चालण्याचे माइल्स कोणी देत नाही.

तळ्याकाठच्या त्या गावाला फुकट जाऊन यायला माणशी पंचेचाळीस हजार माइल्स लागतात. चौघांचे पुरतात. चित्र अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. कॅलेंडरचा तो महिना उलटून गेल्यावर तुझ्या आईने कापून लावलेलं. खाली तळं, मागे बर्फाचा डोंगर, आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेलं: ‘जाताना डावीकडे बसायचं.’ शेजारच्या बाई एकदा जाऊन आल्या होत्या, त्यांनी सांगितलेलं. डोंगर डावीकडच्या खिडकीतून दिसतो म्हणे. त्या वाक्यावरून तू तिची किती टिंगल करायचीस! रिक्षात बसतानाही म्हणायचीस, ‘आई, तू डावीकडे.’

मावशी एकदा बोलता बोलता बोलून गेली, की तुला मुलगी आहे आणि ती आता घरभर पळते. लगेच तिने जीभ चावली. तिच्यावर रागावू नकोस, पुढचं एक अक्षर तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तर मला फक्त आकडा कळव. किती जणांची तिकिटं काढू? पत्राला उत्तर नको.

त्या वर्षी धुक्याने माझं विमान रद्द केलं नसतं, तर कदाचित आपण सगळे त्याच उन्हाळ्यात जाऊन आलो असतो. असो.

बाबा


१९ ऑक्टोबर

मुंगी,

पत्र पोचल्याची सही आली, म्हणजे पोचलं. आकडा आला नाही. ठीक आहे.

काल मावशी आली होती. चहा पिता पिता म्हणाली, ‘दाजी, तुम्ही त्या पोरीला माइल्सचं कशाला लिहिता? तिला तेवढा एक शब्द नको असतो.’ मला राग आला. मी म्हटलं, मी ते कोणासाठी जमवले? स्वतःसाठी? ती कप विसळायला उठली, आणि मग मला रात्रभर एक भांडण डोक्यात घेऊन फिरावं लागलं, ज्यात समोर कोणीच नव्हतं.

आता तुलाच विचारतो. सरळ विमान दोन तासांत घरी आणायचं, ते सोडून मी दोन ठिकाणी थांबणारं विमान घ्यायचो. सात तास लागायचे, पण माइल्स तिप्पट. काट्याची प्रमाणित वजनं भरलेली पेटी घेऊन तपासणीच्या रांगेत उभा राहायचो. प्रत्येक विमानतळावर ती पेटी उघडायला लावायचे, प्रत्येक वेळी मी सांगायचो की साहेब, हे वीस किलो म्हणजे अगदी वीस किलोच आहे, हेच तर माझं काम आहे. लोक हसायचे. एवढा आटापिटा मी हौस म्हणून केला का?

घरी पोचलो की तुझी आई दारातच विचारायची, ‘आज किती दगड आणले?’ माइल्स म्हणजे मैल, मैल म्हणजे मैलाचे दगड. आपल्या घरात तोच शब्द रूढ झाला. तू शाळेत निबंधात लिहिलंस, ‘माझे बाबा दगड गोळा करतात,’ आणि बाईंनी मला बोलावून विचारलं, तुम्ही खाणीत असता का? आपण तिघं त्यावर किती दिवस हसलो होतो.

तुझा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी असाच मधल्या एका विमानतळावर होतो. तुझ्या आईच्या दाताचं, तिच्या डोळ्याचं, तिच्या वडिलांचं, सगळं मी मधल्या विमानतळावरून फोनवर ऐकलं. दर वर्षी तिकिटं काढायची वेळ आली की मी म्हणायचो, आणखी थोडे झाले की चौघांचं एकदम होईल, जावईबापूंनाही नेऊ. ती म्हणायची, ‘आपण तिघंच जाऊ या की आता.’ मी ऐकलं नाही. बस, एवढीच माझी चूक.

बाकी, तू गेलीस त्या दुपारी टेबलावर जे पाकीट ठेवून गेलीस, ते मी पाहिलं. तू पाकीट नेहमी कात्रीने कापतेस, कडेची अगदी बारीक पट्टी काढून. मी फाडतो, तुझी आई वाफेवर धरायची. त्यामुळे ते कोणी उघडलं याबद्दल शंका नव्हती. सांत्वनाची पत्रं येत होती, तू सगळीच उघडत होतीस. आत काय होतं ते तुला माहीत, मला माहीत. पुरे.

आकडा कळव.

बाबा


९ नोव्हेंबर

मुंगी,

आज जे लिहितोय ते लिहायला मला तीन दिवस लागले. पाणी पिऊन बस आणि वाच. नको वाटलं तर शेवटपर्यंत वाचू नकोस, पण फाडू नकोस.

तिकिटं काढायच्या आधी कुटुंबाच्या खात्यातून तुझ्या आईचं नाव कमी करावं लागतं. मी ते पावणेतीन वर्षांत केलं नव्हतं. मृत्यूचा दाखला पाठवला नव्हता. संगणकावर खातं उघडलं की चार नावं यायची, दुसरं तिचं. तेवढंच एक ठिकाण होतं जिथे ती अजून सदस्य होती. पण नियम तो नियम. दाखला पाठवला आणि गुरुवारी सकाळी चौकशीच्या नंबरावर फोन लावला.

फोनवरची मुलगी भली होती. आवाजावरून तुझ्याच वयाची. तिने खातं उघडलं, सांत्वनाचे दोन शब्द बोलली, मग म्हणाली, ‘सर, नाव काढण्याआधी मला या सदस्याची शेवटची नोंद वाचून दाखवावी लागते. कुठली तक्रार अर्धवट राहिली नाही ना, एवढंच बघायचं असतं.’

मी म्हटलं, वाचा. तिने वाचलं:

‘सोळा जानेवारी, सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटं. सदस्य महिलेने पतीच्या विमानाच्या नव्या वेळेची चौकशी केली. विमान नियोजित वेळी सुटल्याचे कळवले. सदस्याने आभार मानले. तक्रार नाही.’

‘बंद करू ना सर?’ तिने विचारलं. मी हो म्हटलं.

मुंगी, त्या दिवशी धुकं नव्हतं. तुला हे माहीतच आहे. टेबलावरच्या पाकिटातल्या विमान कंपनीच्या कागदावर तारीख होती आणि पुढे लिहिलं होतं, ‘स्वेच्छेने जागा सोडल्याबद्दल: २०,०००.’ पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस, म्हणून सांगतो.

विमानात माणसं जास्त झाली होती. दारापाशी उभ्या असलेल्या बाईंनी माइकवरून विचारलं, कोणी आपली जागा सोडून उद्या सकाळच्या विमानाने जाईल का, वीस हजार माइल्स देऊ. माझ्याकडे एक लाख बासष्ट होते. चौघांना एक लाख ऐंशी लागत होते. मी हिशोब केला नाही, हिशोब माझ्या डोक्यात तयारच होता. हात वर केला. शाळेत कधी एवढ्या चपळाईने केला नसेल. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुंगी. मी थोडा वाकून त्या घेतल्याही.

मला वाटलं, तुझ्या आईच्या पित्ताशयातला खडा काढायचा, त्यात काय एवढं. ऑपरेशन सकाळी नऊला, माझं विमान साडेअकराला उतरणार. ती शुद्धीवर येईल तेव्हा मी समोर असेन आणि म्हणेन, अगं, चौघांचं जमलं. तिला किती आनंद होईल, हेच मनात घोळत होतं. विमान कंपनीने हॉटेलात खोली दिली. झोपही छान लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण लागली.

साडेपाचला मी तिला फोन केला होता. ‘अगं, धुकं पडलंय. विमानच रद्द केलं.’ ती म्हणाली, ‘असू द्या. सकाळी या. स्वेटर घातलाय ना?’

मग साडेसहाला तिचाच फोन आला. ‘अहो, धुकं गेलं का?’

मी म्हटलं, ‘कुठलं जातंय, अजून दाट आहे.’

ती म्हणाली, ‘बरं. जपून राहा.’

तेच आमचं शेवटचं बोलणं. आणि आता त्या नोंदीमुळे मला कळलं की तो प्रश्न विचारताना तिला पंचवीस मिनिटं आधीपासून सगळं माहीत होतं. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून तिने माझ्या विमानाची नवी वेळ विचारायला फोन केला, मला घ्यायला कोणाला तरी पाठवायचं असेल म्हणून. तिथे तिला कळलं की मी खोटं बोललो. आणि तिने मला खरं बोलायची एक संधी दिली. मी काय केलं? धुकं आणखी दाट केलं.

तुलाही ती तेच म्हणाली ना? ‘धुकं आहे गं, ते बिचारे काय करतील.’ तू तेव्हा तिच्या उशाशी होतीस. तिने माझ्यासाठी तुझ्याशी खोटं बोलून दाखवलं, आणि सकाळी त्याच मनाने आत गेली. तिच्या हृदयाने साथ सोडली त्यात डॉक्टरांचा दोष नव्हता. पण ती आत जाताना तिच्या मनात काय होतं, हे मला आता रोज छळत राहतं.

आयुष्यभर मी काटे शून्यावर आणायचं काम केलं. दुकानदाराचा काटा दोन ग्रॅमने खोटा निघाला तर मी त्याला चारचौघांत झापायचो.

क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. तुला वाटत असेल की आईला काही कळलं नाही, तेवढं तरी बरं झालं. ते तसं नव्हतं. हे एकट्याने पेलवेना म्हणून लिहिलं, आणि हेही स्वार्थाचंच झालं.

बाबा


२८ नोव्हेंबर

मुंगी,

तुझा निरोप गुरुवारी दुपारी आला. मी किराणा दुकानात गुडघ्यावर बसून काट्याचं तबक साफ करत होतो. फोन वाजला, चष्मा वर सरकवला, वाचलं: ‘तिघांची काढा.’

दोनच शब्द. पावणेतीन वर्षांनी. दुकानदाराने विचारलं, ‘काका, काही वाईट बातमी का?’ मी म्हटलं, नाही, डोळ्यात पीठ गेलं.

आता माझा मूर्खपणा ऐक. मला वाटलं, तिघं म्हणजे तू, तुझी मुलगी आणि मी. जावईबापूंना रजा मिळत नसेल, असं मीच ठरवून टाकलं. घरी येऊन माळ्यावरची सूटकेस काढली. पुसली. स्वेटर उन्हात टाकला. शेजारच्या बाईंना सांगूनही आलो, की आम्ही जातोय, डावीकडे बसणार. संध्याकाळी नावं भरायला बसलो तेव्हा सहज म्हणून तुला विचारलं, ‘तिघं म्हणजे कोण कोण?’

तू तीन नावं पाठवलीस, तीन जन्मतारखांसकट. तुझं, जावईबापूंचं, आणि तिचं.

बरोबरच आहे. सूटकेस परत वर ठेवली. शेजारच्या बाईंना अजून काही बोललो नाही.

तिचं नाव वाचलं. एकदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. पण इथे लिहीत नाही. ते तू मला सांगितलेलं नाहीस, विमान कंपनीला सांगितलंस. मी तिला मनातल्या मनात पिटुकली म्हणतो, तेवढं चालवून घे.

दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतंत्र जागा लागते, म्हणून जन्मतारीख नीट भरायची असते. मी भरली. अकरा ऑगस्ट. वर्ष लिहिलं. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. आकड्यांत मी चुकत नाही, हे तुला माहीत आहे.

सोळा जानेवारीला ती तुझ्या पोटात दोन महिन्यांची होती.

आणि मग मला तुझा त्या दिवशीचा सकाळचा फोन आठवला, जो मी साफ विसरलो होतो. ‘बाबा, संध्याकाळी नक्की या हं. आई आणि तुम्ही एकत्र असताना एक सांगायचंय.’ मी म्हटलं, ‘फोनवर सांग की.’ तू हसलीस. ‘छे, दोघांना एकदम. तुमचे चेहरे बघायचेत.’ मला वाटलं, नवं घर घेताय किंवा नोकरीचं काहीतरी. मी म्हटलं, आलोच.

म्हणजे तू थांबलीस. माझ्यासाठी थांबलीस. आई शेजारीच होती, तिला सांगायला दोन पावलांचंही अंतर नव्हतं, पण बाबा येऊ देत म्हणून तू रात्रभर ते ओठांवर धरून बसलीस. आणि सकाळी तिला आत नेलं.

ती आजी होणार होती, हे तिला कळलंच नाही.

इतके दिवस मला वाटत होतं की तुझा राग माझ्या खोटं बोलण्यावर आहे. आता कळलं, की तू रागावलेली नाहीसच. रागावलेलं माणूस कधीतरी भांडतं. तुझ्याकडे भांडायलासुद्धा काही उरलं नव्हतं. तू पाकीट कापलंस, कागद पुन्हा घडी करून आत ठेवलास आणि गेलीस. मी तुझ्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं.

पोरी, माझं चुकलं. हे वाक्य मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. पहिल्या पत्रात मी काय लिहिलं, तर धुकं.

तिकिटं काढली. नऊ जानेवारी. सोबत पाठवतोय.

बाबा


२१ डिसेंबर

मुंगे,

हे शेवटचं. प्रवासाआधी तुला मिळावं म्हणून लवकर टाकतोय. यात एकच गोष्ट कबूल करायची आहे. ती लपवून तुम्हाला विमानात बसवायची माझी हिंमत नाही.

तुमची तीन तिकिटं काढल्यावर खात्यात सत्तेचाळीस हजार उरले. एका माणसाचे. पडद्यावर विचारलं होतं, ‘आणखी एक प्रवासी जोडायचा?’ मी जोडला.

तुम्ही तिकडून येणार आणि मोठ्या विमानतळावर विमान बदलून तळ्याच्या गावाला जाणार. मी इकडून तिथवर येणार होतो, आणि त्या शेवटच्या विमानात तेविसाव्या रांगेत, उजवीकडे, मागे बसणार होतो. कानटोपी घालून. तुला कळणारही नाही असं बघणार होतो. पिटुकलीचं नुसतं डोकं दिसलं असतं खुर्चीवरून, तरी पुष्कळ होतं. उतरल्यावर पाठ फिरवून दुसऱ्या विमानाने परत येणार होतो. हे मी तीन आठवडे मनात रंगवत होतो. दाढीही वाढवली. आरशात बघितलं तर धुक्यातून आल्यासारखा दिसत होतो.

परवा सकाळी ती दाढी कातरताना एकदम लक्षात आलं. तू तिघांची म्हणाली होतीस. मी पुन्हा तुला न सांगता चौथ्याची जमवाजमव करत होतो. तेव्हाही मी चौथ्यासाठीच हात वर केला होता. तिघांचे तर तेव्हाच पुरत होते, मुंगी. एक लाख बासष्ट होते आणि तिघांना एक लाख पस्तीस लागत होते. तुझी आई दर वर्षी म्हणायची, तिघंच जाऊ या. त्या बाईंनी माइकवरून विचारलं तेव्हा मी नुसता खुर्चीत बसून राहिलो असतो, तर संध्याकाळी तुमच्यापाशी पोचलो असतो, तू आमचे चेहरे बघितले असतेस.

फोन लावला. योगायोगाने तीच मुलगी होती. म्हणाली, ‘सर, रद्द केलंत तर माइल्स खात्यात परत येतील, पण ३१ जानेवारीला संपतील. उगाच वाया जातील. त्याऐवजी दुसरं काही घेता का? सूटकेस आहे. मिक्सरसुद्धा आहे.’

मला हसू आलं. तुझी आई असती तर म्हणाली असती, बघा, सगळे दगड वाटून मिक्सर मिळाला. मी म्हटलं, नको, जाऊ देत.

‘रद्द करण्याचं कारण काय लिहू सर? आजारपण, काम, की इतर?’

मी म्हटलं, ‘स्वेच्छेने, असं लिहा.’

ती म्हणाली, ‘त्याचे काही मिळत नाहीत हं सर, आता.’

‘माहीत आहे,’ मी म्हटलं.

तर आता तिथे कोणी मागे बसलेलं नसेल. तू मान वळवून बघू नकोस. बारावी रांग आहे, तिन्ही जागा सलग, डावीकडच्या. खिडकीची पिटुकलीला दे. झोपली असेल तर उठव, रडली तरी उठव. डोंगर फार वेळ दिसत नाही म्हणे, शेजारच्या बाई सांगत होत्या, पाच-सात मिनिटंच.

आणि तो दिसला की तिला सांग, हे तिच्या आजीने बघायचं ठरवलं होतं. ‘आजीला तू ठाऊक नव्हतीस,’ असं मात्र सांगू नकोस, ‘ठाऊक होतीस,’ म्हण. तेवढं एक खोटं माझ्यासाठी बोल. तुझी आई बोलली होती, तसं.

बाबा